एक बोट फट

थॉर्न्सीच्या ग्रामसभागृहात हीटर नुसता खोकतो.
टेबलावर माझा लिंकनशरच्या किनाऱ्याचा नकाशा.
शंभर वर्षांतून एकदा येणारं पाणी
मी त्यात फिकट निळं दाखवलंय.

काउंटीच्या पूरविभागाची ग्लेनिस रोबॉटम
चष्मा कपाळावर सारून विचारते,
"बांध उंच करायचा, की मागे घ्यायचा?"
मी म्हणते, बहुधा मागे.
"हे तुझं बहुधा
मी कुठल्या रकान्यात भरू?"

सात महिने या एका शब्दावर अडलोय.
ती खोडते, मी परत लिहिते.
तिच्याकडे मार्चअखेर आहे,
माझ्याकडे चाळीस हजार वेळा चालवलेलं मॉडेल,
मध्ये बिस्किटांची बशी.

मागच्या खुर्चीतून विल्फ स्टॅनिलँड उठतो.
पूर्वी ईल मासे पकडायचा, आता गुडघे धरून चालतो.
खिशातून तेलकट वही काढतो :
प्रत्येक उधाणाची तारीख, पेन्सिलीने,
आणि पुढे फक्त बोटं.
एक बोट. दोन. एक.
"उघाडीचं दार लागतच नाही ना," तो म्हणतो,
"शहाऐंशीपासून."

माझ्या मॉडेलमध्ये दार लागतं.
चाळीस हजार वेळा लागतं.

कुठेतरी पाणी मुरतंय,
हे मला मराठीत कधीचं वाटत होतं.
इंग्रजीत म्हणायला पुरावा नव्हता.

ओहोटीला आम्ही तिघं बांधावर गेलो,
ग्लेनिस ऑफिसच्या बुटांतच.
गंजाचे पापुद्रे हाताला लागले.
फटीत मी बोट घातलं, मग तिने.
पलीकडून खाडी ते चोखत होती,
वासरासारखी.

अहवालात मी लिहिलं : एक बोट फट.
तिने केलं : एकोणीस मिलिमीटर.
रात्री साडेअकराला तिचा फोन :
"माझं बरोबर आहे,
पण ते वाचून कमिटीत कुणी घाबरणार नाही.
बोट परत घाल."

बांधाचं अजून ठरलेलं नाही.
तक्त्यात तिने एक अरुंद रकाना आखलाय, पेन्सिलीने.
त्याला अजून मथळा नाही.

विल्फ विचारतो,
त्याचं नाव कुठे येणार,
संदर्भांत की आभारांत?
आम्ही दोघी एकमेकींकडे बघतो.

उद्या उधाण आहे.
वही त्याच्याकडेच आहे.