काटा

माशाला आपल्यात हाड नसतं.
काटा असतो.
कोंबडीला हाड, बकऱ्याला हाड,
माणसाला तर जीभ सोडून सगळीकडे.
माशाला नुसता काटा.
म्हणून पहिल्या आठवड्यात मी वहीत लिहिलं:
‘काट्यांची वाढ, दिवस सातवा.’
गोगटे मॅडम हसल्या, मग हसायच्या थांबल्या,
म्हणाल्या, राहू दे तसंच.

पाषाणला, टेकडीच्या अंगाला, दुसऱ्या मजल्यावर
साडेअठ्ठावीस अंशांवर धरून ठेवलेली खोली.
नऊला दिवे लागतात, रात्री अकराला जातात,
बाहेर ऊन असो नाहीतर धुकं.
दिवे लागले की माद्या अंडी सोडतात.
तळाला काचेच्या गोट्या अंथरलेल्या,
फटीतून अंडी खाली जावीत म्हणून,
नाहीतर आईबापच खातात.
गोट्या मी तुळशीबागेतून आणल्या,
बिलावर लिहिलं, ‘संशोधन साहित्य’.

तिसऱ्या दिवशी पोर काचेचं असतं.
काळीज उघड्यावर उडतं,
रक्त एकेक दाणा पुढे सरकतं.
आधी जबडा येतो, कूर्चेचा, निळा रंग पिणारा.
मणके मागाहून, सावकाश.
त्यांना लाल रंग लागतो.
मोठा झालेला, मेलेला मासा पोटॅशमध्ये ठेवला
की मांस विरतं, दिसेनासं होतं,
आणि राहते लाल मण्यांची ओळ.
मी मोजते. एकतीस. कधी बत्तीस.
आपले तेहतीस.
मध्ये चाळीस कोटींवर वर्षं,
आणि हिशेबात फरक एखाद-दुसऱ्याचा.

चौदा नंबरच्या टाकीत वाकडे आहेत.
कोलाजनच्या ओळीत एका अक्षराची चूक,
मणके आपोआप पिचतात.
तशीच चूक घेऊन पोरंही जन्मतात,
कडेवर घेताना बरगडी मोडणारी.
त्यांच्यासाठी चाललंय हे.

दादांना एकदा आणलं.
डेंगळे पुलाखाली जन्मभर जाळं टाकलं त्यांनी,
आता बसूनही कंबर ठणकते.
ससूनच्या फोटोत दोन मणके
दाबल्या पावासारखे चपटलेत.
दाराशी चपला औषधाच्या पाण्यात बुडवायला लावल्या,
ते बघून म्हणाले, नदीला हे कुणी लावलं नाही.
टाकीसमोर उभे राहिले, एक हात कमरेवर.
“हा पट्ट्यापट्ट्यांचा? हा तर आमच्याकडचाच.
ह्याला नाव नव्हतं.
कितीही बारीक जाळं घे, निसटायचाच.
आलाच तर पोरांना, बाटलीत.”
मग नऊ नंबरकडे बोट:
“तो डावीकडचा. त्याला दुखतंय.”

नऊमध्ये निरोगी होते. कागदावर तसं होतं.
मी म्हटलं, दादा, ते ठीक आहेत सगळे.
“वळायच्या आधी विचार करतो बघ तो.
मी सकाळी तसाच उठतो.”

संध्याकाळी त्याला गुंगीच्या पाण्यात सोडलं,
फोटो काढला.
अठराव्या मणक्याला भेग, केसाएवढी.

मॅडमनी विचारलं, पद्धत काय?
मी वहीत लिहिलं,
‘निरीक्षक: भोई, वय अडुसष्ट.’
खोडलं.
पुन्हा लिहिलं.

रात्री जेवताना दादांनी मरळ सोलली,
काटे ताटाच्या कडेला लावत गेले,
बिनकाट्याचा तुकडा माझ्याकडे सरकवला,
मी एकतीस वर्षांची असून.
पाठीचा मोठा काटा उजेडात धरला,
वाकवून पाहिला.
“औषध सापडलं तर पहिलं कुणाला?”
माशाला, मी म्हटलं.
“बरोबर आहे,” म्हणाले.
“वयानं तोच मोठा.”
हात धुवायला उठायचं होतं त्यांना.
उठायच्या आधी
थोडा विचार केला.