एक लाख अडतीस हजार

अमजद मिस्त्रीनं आधी बॉनेटवर तळहात ठेवला,
तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.
"थंड आहे. म्हणजे माणूस लपवत नाही."

पाथर्डी फाट्यामागची गल्ली, रविवार, नऊ वाजलेले.
लाल लॉरा आरएस, पहिलाच मालक,
मीटरवर एक लाख अडतीस हजार.
मी अंबडला मायक्रॉन मोजतो, आठवड्याचे सहा दिवस;
ब्रेक पेडलचं रबर अंगठ्यानं चाचपलं.
मीटर फिरवता येतो, रबर नाही.

टर्बो दोन वर्षांपूर्वी बदललेला, बिलासकट.
क्लच संपत आलेला. टायर चार, कंपन्या तीन.
वजा, वजा, वजा.
मग विल्होळीच्या चढावर, तिसऱ्या गिअरात,
पाय दाबला
आणि हिशेबाची वही मागच्या सीटवर जाऊन पडली.

बोरस्ते, मालक, माझ्या डावीकडे गप्प बसून होते.
"या बाजूला कधी बसलोच नव्हतो," एवढंच म्हणाले.
खरंच, ती सीट कोरी होती,
शिवणीचा पांढरा दोरासुद्धा मळला नव्हता.
हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

ते साडेपाचवर अडले, मी चार नव्वदवर.
अमजद बॉनेट पुसत राहिला, गरजेपेक्षा जास्त वेळ.
पाच वीस.

चावी देताना त्यांनी सांगितलं,
सकाळी दुसरा गिअर अडतो जरा.
ढकलू नका,
थांबलात की आपणहून पडतो.

हे आधी सांगितलं असतं
तर मी अजून दहा हजार कमी केले असते.
किंवा वाढवले.