खरी नक्कल

शिवाजीनगर कोर्टाच्या मागच्या जिन्याखाली माझं टेबल.
पानामागे ठरलेले रुपये,
जबान्या मराठीतून इंग्रजीत.
अपील मुंबईला जायचं
तर कागद आधी माझ्या हाताखालून जातात.

परवा तांबट आळीतलं प्रकरण आलं.
मयत मुरलीधर, थोरला.
अपीलकर्ता श्रीपाद, धाकटा, मुक्काम येरवडा.
कारण: एका घंगाळाची आगाऊ रक्कम, चार हजार,
कुणी घेतली, कुणी कुठे ठेवली.
मुद्देमाल क्रमांक दोन: हातोडी, दांडा लाकडी.
जखम डाव्या कानाच्या वर. एक.

त्या एकावरच सगळं आहे, वकीलबाई म्हणाल्या.
एक घाव दोन तुकडे, असं आपण सहज बोलून जातो.
त्यांना घाव एकच हवा आहे, म्हणजे
तीनशे दोनचं तीनशे चार होईल,
जन्मठेपेची दहा वर्षं होतील,
त्यातली सात तर गेलीच.

(त्या आळीत एका घंगाळाला हजारो घाव लागतात,
एकाला एक बिलगून.
मी कधी मोजले नाहीत. ऐकलेत.)

माझं घोडं अडलं पान एकशे सातवर.
साक्षीदार तीन. द्वारका, वय एकसष्ट.
मयताची आई.
आणि आरोपीची, हे कारकुनानं
मागाहून, बारीक अक्षरात, ओळीच्या वर घुसवलेलं.

ती सांगते:
मी भाकऱ्या टाकत होते. आवाज चढला म्हणून बाहेर आले.
हातोडी दोघांच्या हातात होती.
तो म्हणाला, सोड.
तो म्हणाला, आधी तू सोड.
मग त्यानं सोडली.

कुणी?
धाकट्यानं सोडली असेल
तर थोरल्याच्याच ओढीनं ती थोरल्याच्या कानावर आली.
थोरल्यानं सोडली असेल
तर पुढचं धाकट्यानं केलं.
सरकारी वकिलांनी विचारलं नाही,
बचावाच्या वकिलांनी विचारलं नाही.
जेवणाच्या सुट्टीआधीची शेवटची साक्ष होती ती.

वकीलबाईंचा फोन: कंसात नाव घाला ना.
म्हटलं, कंस तिचे नाहीत, मी कुठून आणू?

मग एक दिवस ती स्वतःच आली,
कापडी पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसली.
माझं बोलणं तिकडे नीट जाईल ना, वाचून दाखवा.
इंग्रजी येत नाही तुम्हाला, मी म्हणालो.
वाचा तरी.

वाचलं.
ती मान खाली घालून ऐकत होती, पोथी ऐकावी तशी.
मग म्हणाली,
मधे मधे ही, ही म्हणताय, ती कोण?
तेव्हा घरात दुसरी बाई नव्हती.

ही म्हणजे तो, मी म्हणालो. इंग्रजीत.

कोणता?

मी पेनाचं टोपण काढून बसलो होतो.
खरंच सांगतो, नाव एकच लिहायचं होतं,
जागाही पुरली असती.
तिनं टेबलावरच्या शिक्क्याकडे पाहिलं, पिशवी उचलली.
लहानपणापासून तसलेच, म्हणाली, हातातलं सोडायचे नाहीत.
आणि नव्या पुलाच्या बाजूला चालत गेली.

तिन्ही जागी मी तो तसाच ठेवला.
खाली सही केली. खरी नक्कल, शिक्का मारला.
जरा तिरका बसला.
दुसरा मारता येत नाही,
एका पानावर एकच.