मागची बाजू

गंगाखेडला, सराफ्याच्या तोंडाशी माझं दुकान.
तिसरी पिढी. टाक, मुखवटे, छत्रीचे घुंगरू.
लोकांना देव समोरून दिसतो.
मला मागून:
पोकळ, काळपट, लाख चिकटलेला,
कपाळाच्या जागी खड्डा, नाकाच्या जागी खड्डा.
समोर जे तेज येतं ना,
ते मागून मारलेल्या ठोक्यांचं असतं.

सोमवारी कवठ्याचे पाचजण आले,
जीपमधून उतरतानाच आवाज खाली.
टॉवेलात गुंडाळलेली आई. डाव्या गालाला पोचा.
छबिन्यात पालखी कलंडली म्हणे,
आणि लायटिंगचं झुंबर डोक्यावर घेतलेल्या पोरानं
झुंबर सोडून
तिला वरच्या वर झेललं.

'झेललं तर पोचा कशानं?'

एकानं टॉवेलची घडी घातली. उलगडली. पुन्हा घातली.
'त्याच्या हातातून हिसकावताना.'

पोराचं नाव वाल्मिक. परभणीला सिव्हिलमध्ये आहे,
कोपर दोन ठिकाणी.
हे चहावाल्यानं सांगितलं, नंतर.
त्यांनी सांगितलं ते एवढंच:
शिवाशिव झाली, पोरांना राग आवरला नाही,
देवीपायीच ना काका, सोतासाठी थोडंच.
आणि त्यातला म्हातारा, काडीनं दात कोरत,
'टाकीचे घाव सोसल्याबिगर देवपण येत नसतं.'

ती म्हण दगडासाठी आहे
हे मी म्हणालो नाही.
गिऱ्हाईक होतं. मी लाख तापवली.

लाकडी हातोडी, आतून, हलक्या हातानं.
दहा मिनिटांत गाल वर आला.
चांदी मऊ असते, ऐकते.
ठोकताना मी तिला दोन्ही पावलांत धरली होती,
आजोबाही तशीच धरायचे,
तिच्या कानांवर माझ्या टाचा.
पाचही जण बघत होते.
मला कुणी मारलं नाही.

तीनशे म्हणालो. पाचशे ठेवले.
पाया पडले, तिच्या,
आणि जाता जाता माझ्याही.

त्याआधी, पुसायला म्हणून,
मी तिला एकदा उलटी धरून पाहिली होती.
काही म्हणते का.
आतून तिचे ओठसुद्धा खड्डाच.

परभणीची गाडी पाचला असते. तासाभराचा रस्ता.
नोट गल्ल्यात सगळ्यात वर ठेवलीय,
तिच्यावर दुसरी ठेवायची नाही असं ठरवून.
आज गुरुवार.
दुपारी एक बाई जोडवी घेऊन गेली,
सुटे नव्हते,
मी तिला वरचीच नोट देणार होतो.