पाठीकडची अक्षरं

बीट काढून झालं की क्रॅग
तीन आठवडे आम्हांला शेतात फिरू देतो.
विल्फ नाल्याकडून, मी कुंपणाकडून,
कानांत यंत्राची कुरकुर,
बुटांना दोन-दोन किलो लिंकनशर.

निघतं ते बहुतेक कुणाचंच नसतं :
काडतुसांची बुडं, पत्र्याची झाकणं,
ट्रॅक्टरने थुंकलेला एखादा नट.
नोव्हेंबरात एकदा आवाज गोड आला.
वीतभर खाली गुंडी.

हिरवी पडलेली. समोर बगळा, एक पाय उचललेला.
कुठल्या तरी बड्या घरच्या चाकराच्या कोटाची.
विल्फ म्हणाला, बगळा कुणाचा ते शोध,
घराणं हाती लागेल.
मी ती उलटी केली.

कडीभोवती गोल अक्षरं. थुंकी लावून पुसली
(पुसू नये, माहीत आहे).
‘उत्तम मुलामा’. ‘बर्मिंगहॅम’.
आणि मध्ये, एम. प्रॉस
पुढचं नांगराने खाल्लेलं.

त्या हिवाळ्यात बर्मिंगहॅमला चार खेपा झाल्या.
दप्तरखान्यातली इफ्फत पेन काढून घ्यायची, पेन्सिल द्यायची.
जुन्या व्यापारी याद्या :
कुलूपवाले, चमचेवाले, शवपेट्यांच्या कड्या घडवणारे,
आणि गुंडीवाले, पानंच्या पानं.
प्रॉसर सापडला. जोसाया. १८१९ पासून दरवर्षी
जे. जे. जे.
नंतर मुलगा एडविन, म्हणजे ई.
एम. कुठेच नाही.

चौथ्या खेपेला परतीची गाडी चुकवली.
१८३१च्या यादीची पानं एकमेकांना चिकटलेली,
इफ्फतने हाडाच्या पट्टीने सोडवली,
श्वास धरून. मीही धरला.
*प्रॉसर, मर्सी (विधवा). गुंड्या. मागच्या अंगणात.*
१८३२लाही तीच.
१८३३ला एडविन.

दोनच वर्षं.
तेवढ्यासाठी नवा ठसा कोरून घेतला बाईने.
पोलादी ठसा काही फुकट मिळत नाही.
जुना जे. चालला असता की,
मेलेल्या नवऱ्याच्या नावावर दोन वर्षं सहज निघतात.
गिऱ्हाईक गुंडीची पाठ बघत नाही.
शिंपी बघतो, तोही टाका घालेपर्यंत.

यंत्राची दांडी ओढणाऱ्या पोरी यादीत नव्हत्या.
शोधल्या मी. जनगणनेत एक ‘गुंडी-कामगार, वय ९’ दिसली,
पण दुसऱ्या गल्लीतली, दहा वर्षांनंतरची.
तिला इथे ओढून आणणं बरं नव्हे.

जे सापडेल त्यात क्रॅगचा अर्धा वाटा.
किंमत निघाली चार पौंड.
त्याने आपले दोन सोडून दिले,
बगळ्याकडे बघत म्हणाला, ऐटीत उभा आहे बेटा.

आता डबीत, कापसावर, ती पालथी ठेवलेली असते.
विल्फ अधूनमधून विचारतो,
घराणं कुठलं निघालं गं?
अजून पाहिलं नाही.
बगळ्याचं काय,
तो एका पायावर थांबू शकतो.