गेज

राजीनामा चार महिन्यांपूर्वीच लिहून ठेवलाय.
लॉकरमध्ये, डब्याच्या पिशवीखाली.
तारखेची जागा तेवढी मोकळी.

भोसरीत माझं काम भोकात गेज घालायचं.
हिरवं टोक गेलं पाहिजे,
लाल टोक जाता कामा नये.
दिवसाला अकराशे वेळा.

गुरुवारची सुट्टी रद्द होऊन तिसरा आठवडा चालू होता,
ढमढेरे मॅडम लाईनवर माझ्यापाशी थांबल्या.
रिजेक्शनचा कागद हातात होता,
त्यावर काही बोलल्या नाहीत.
"मुलीचा ताप उतरला का?"
मी तापाचं कुणालाच सांगितलं नव्हतं.
दोन दिवस डबा न उघडता परत नेला,
तेवढ्यावरून.
मग गेज माझ्या हातातून काढून घेतला
आणि चाळीस मिनिटं स्वतः पीस तपासत उभ्या राहिल्या.
मी गेटबाहेरच्या अमृततुल्यात बसून
चहावर साय धरताना बघत होतो.

पुढच्या महिन्यात एचआरच्या काळोख्यांनी फॉर्म वाटले :
कंपनी तुम्हाला आपली वाटते का? एक ते पाच.
कंपनी म्हणजे नक्की कोण, मी विचारलं.
ते म्हणाले, भरा हो, सगळे तीन लिहितात.
मी तीन लिहिलं.
चाळीस मिनिटांसाठी रकाना नव्हता.

लोखंडाचं बरंय.
वेल्डिंग झालं की ताण उतरवायला भट्टीत ठेवतात,
मग हळूहळू निवू देतात.
घाई केली तर तडा जातो,
तसं ड्रॉइंगवरच लिहिलेलं असतं.

काल सेकंड शिफ्ट सुटल्यावर
मॅडम पार्किंगमध्ये दिसल्या.
स्कूटरवर बसलेल्या, किल्ली लावलेली,
हेल्मेटची काच खाली. गाडी बंद.
अठ्ठेचाळीस माणसांची तोंडं दिवसभर वाचणारी बाई,
आणि तिच्या काचेवर नुसता ट्यूबलाइट.
मला काय येतं? भोकं तपासायला येतात.
जवळ जाऊन म्हणालो,
"मॅडम, पेट्रोल संपलं का?"
बराच वेळ काही नाही.
मग काच वर झाली.
"नाही हो कुदळे. पेट्रोल आहे."
आणि तरीही त्या निघाल्या नाहीत,
मीही नाही.

आज सकाळी लॉकर उघडला.
कागद होता तिथंच. वर डबा ठेवला.

कधीकधी एखादा पीस येतो :
हिरवं टोक सरळ जातं,
लाल टोक थोडं जातं, थोडं अडतं.
असे पीस मी फेकत नाही, पासही करत नाही.
पिवळ्या ट्रेमध्ये ठेवतो,
मॅडमना विचारून ठरवू म्हणून.