पाय मोडका ब

मशीन मिनिटाला एकशे ऐंशी पानं ओकते
तेव्हा कोणाचंच नाव वाचता येत नाही.
मी तर एरवीही वाचत नाही. माझ्यासाठी नाव म्हणजे
अडतिसाव्या घरापासून बासष्टाव्यापर्यंतची जागा.
पुढे मीटर क्रमांक, युनिट, रक्कम,
आणि तळाशी फाडून द्यायची पट्टी.

हिंगणा एमआयडीसी. मे. रात्रीचे अडीच.
भिंती अजून दुपार बाहेर टाकताहेत.
कागद इतका कोरडा
की एक पान दुसऱ्याला सोडत नाही.
नंदनवार रिम फुंकतो, पत्त्यांसारखी पिसतो,
कडा ठोकून परत ट्रेमध्ये लावतो.
त्याचे वडील गोळीबार चौकात मागावर बसायचे.
म्हणतो, सूतबी मे महिन्यात असंच करे.

एक लाख साठ हजार बिलं,
काल दुपारपासून सुरू, सकाळी सहाला गाडी.
अशा वेळी त्यानं माझ्या टेबलावर
एक जुनं बिल ठेवलं, मधोमध तारेचं भोक पडलेलं.
"मॅडम, हे पाहा न. आमच्या गल्लीतली बुढी आहे."

पंचफुलाबाई सीतारामजी खोब्

आणि त्याला अगदी चिकटून, निळ्या बॉलपेननं,
छापील अक्षराच्याच उंचीचं: रागडे.
शिरोरेघ पट्टीनं ओढलेली.
"अकरा वर्षांची बिलं खोचून हायेत तिच्या तारेला.
सगळ्याइवर असंच लिहून ऱ्हायली ते."

मी बोटांवर मोजलं.
अनुस्वाराला एक घर. उकाराला एक.
अक्षराचा पाय मोडायचा, तर त्यालाही एक.
पंचविसाव्या घरात पाय मोडला
आणि जोडाक्षराचा दुसरा अर्धा बाहेर राहिला.
माझ्याआधी कोणीतरी ठरवलं होतं, पंचवीस पुरेत.
मीही सहा वर्षं तो आकडा हलवला नाही.
चालणाऱ्या जॉबला हात लावू नये,
हे मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं.

मग शोध लावला: नाव पाय मोडक्या अक्षरावर संपतं,
अशी किती?
दोन हजार तीनशे एकोणीस.
मेश्. पात्. दुर्. कुर्.
पडद्यावर खाली खाली जात राहिले.
कोणीच तक्रार केलेली नव्हती.
बिल पोचत होतं, भरलं जात होतं.

पंचविसाची चाळीस घरं केली.
मीटर क्रमांक पंधरा घरं सरकला,
त्यानं युनिटला ढकललं, युनिटनं रकमेला,
आणि चाचणीच्या पानावर रुपये
बरोबर फाडायच्या रेघेवर जाऊन बसले.
नंदनवारनं पट्टी फाडून दाखवली:
सातशे त्याच्याकडे, बारा माझ्याकडे.
"आता पैशाचा पाय मोडला," म्हणाला,
आणि मशीनच्या आवाजात एकटाच हसत राहिला.

पत्ता एक ओळ खाली घेतला.
अक्षर जरासं कमी केलं.
पहाटे चारला बसलं सगळं.
पण त्या रात्रीची फाइल जुनीच होती, ती तशीच गेली,
खोब्, मेश्, कुर् सकट,
गठ्ठे बांधून, सहाच्या गाडीत.

जूनचं बिल वाटून झाल्यावर
नंदनवार आपणहून सांगायला आला.
बुढीनं पेन आणलं, चष्मा लावला,
नाव दोनदा वाचलं, पेनाला टोपण लावलं.
म्हणाली, "अर्ध्या नावानं अकरा वर्सं
पुरं बिल भरलं बाप्पा.
आता पुऱ्या नावाचे डबल मागतीन का?"

मी हसले. तो थांबलाच होता.
"अन् विचारत होती,
अक्षर बारीक काहून केलं म्हणे यंदा."

नऊ पॉइंटचे मी साडेआठ केले होते.
कोणाच्या लक्षात यायचं नाही, असं वाटलं होतं.